पडद्यावरची लेक

सकाळी सहाला आईने दूध तापवले, शिवणयंत्रावरचे कापड बाजूला सारले आणि गेलेल्या लेकीचा कॉम्प्युटर लावला. लेकीने त्यावरच्या एका खेळात हुबेहूब स्वतःसारखी मुलगी घडवली होती. आई तिला रोज जेवू घाली, निजवी. आज त्या मुलीचे केस पांढरे दिसले.

आईने आपल्या धाकट्या भावाला हाक मारली. "हे काय रे?"

"अगं ताई, म्हातारी झाली ती. खेळ चालू असतो तेवढाच वेळ तिचं वय वाढतं. आता दोन दिवसांची सोबती."

"उपाशी राहील म्हणून मी एकही दिवस चुकवला नाही रे!"

"खेळ बंद असताना तिला भूक लागतच नाही, ताई."

आईने मुलीला निजवले, खेळ बंद केला आणि पुन्हा कधीच उघडला नाही.