तहानेचा ठाव

बाटलीवरची दुसरी रेघ जरा तिरपीच आली होती – डावीकडून गव्हाच्या दाण्याएवढी खाली – आणि पाणी नेमकं वरच्या टोकाला टेकवायचं की खालच्या, हे ठरेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही असं उकंडरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. सबब चांगली होती. रेघा लाल नखपॉलिशच्या. पेनाच्या रेघा ओल्या हातानं पुसतात म्हणून जयमालेनं सकाळी निघायच्या घाईत त्या काढल्या होत्या. पाच रेघा. आठ वाजता, दहा, बारा, दोन आणि चार. आता अकरा वाजत आले होते आणि पाणी अजून पहिल्या रेघेशीच उभं होतं.

जयमाला त्यांची सून. मुलगा पुण्याला, त्यामुळे जानेफळच्या या घरात दोघंच. महिन्याभरात आज पहिल्यांदा ती घराबाहेर पडली होती – बीबी गावाला, भावाच्या मुलीच्या हळदीला – आणि तेही यांनी हट्टानं धाडली म्हणून. दारात थबकून म्हणाली होती, “मामाजी, तहान लागाची वाट नका पाहू. रेघ पाहा.”

“हो माय. मी काय लेकरू आहो?”

“लेकरू मांगते तरी,” ती म्हणाली आणि गेली.

बोलणं झोंबलं खरं, पण खोटं कुठं होतं? वैशाखात चार दिवस ती रोज एकदा विचारत राहिली, पाणी आणू का, मामाजी. आणि हे रोज नको म्हणत राहिले. सासऱ्यानं नको म्हटलं की सुनेनं दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही या घराची रीत, आणि त्या रीतीपायी पाचव्या दिवशी उकंडरावांनी स्वतःच्याच अंगणात तिला विचारलं – कोणाची व तू? पाण्यावाचून रक्तातलं मीठ चढलेलं. मेहकरच्या दवाखान्यात पाच दिवस सलाईन. पुन्हा असं झालं तर गेलेली ओळख परत येईलच असं नाही, डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं. म्हणजे आज ही बाटली भरलेली दिसली की जयमाला पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. आणि आपण एखाद दिवशी तिचं तोंड पाहू नि नाव शोधत बसू. हे सगळं उकंडरावांना कळत होतं. कळत होतं, पण तहान नव्हती, त्याला काय करणार?

नव्हती म्हणजे कुठं नव्हती, हा खरा प्रश्न. त्यांनी डोळे मिटून शोधलं. जिभेवर… नाही. टाळूला जीभ चिकटत होती, पण तो नुसता चिकटपणा, मागणं नव्हे. घशात नाही, छातीत नाही. आणि गंमत पाहा, हा शोध घेणारा माणूस कोण, तर ज्याला दहा गावांतून बोलावणं यायचं. जनावर आजारी की तहानलेलं, उकंडराव सांगणार. मानेची कातडी चिमटीत धरायची, सोडायची. झटकन बसली तर ठीक, उभी राहिली तर आधी पाणी, मग दवा. नाकपुडीचा ओलावा बघायचा, डोळा खोल गेला का बघायचं. “जनावर खोटं बोलत नाही,” ते ऐटीत म्हणायचे, “खोटं बोलते ते माणूस.” आता त्यांनी आपल्याच मनगटावरची कातडी चिमटीत धरली, सोडली. ती उभीच राहिली. पण ऐंशीव्या वर्षी ती पाणी पिऊनही उभीच राहते. म्हणजे ही विद्याही स्वतःच्या कामाची नाही. कर्म माझं!

डॉक्टरीणबाई हौशी होत्या. विचारलं की सांगायच्या. “बाबा, डोक्यात खोल एक इवलीशी जागा आहे, डाळीच्या दाण्याएवढी. ती दिवसभर रक्ताची चव घेत असते. मीठ वाढलं की दोन कामं करते. एक, तुम्हाला तहान लावते. दुसरं, मेंदूखालच्या ग्रंथीतून एक हार्मोन सोडते. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी सोडू नका. तुमचं दुसरं काम चालू आहे, लघवी बघा किती गडद. पहिलं मात्र थकलंय. वयानं होतं.”

“म्हणजे किडनीले निरोप गेला अन् मले नाही?”

“अगदी बरोबर.”

हे काही त्यांच्या मनातून जाईना. आपल्याच अंगात कोणी तरी जागा आहे, चव घेतो आहे, हाकाटी करतो आहे, आतल्या आत सगळी आवराआवर चालू आहे – आणि घरमालकाला पत्ता नाही. राग यावा की नवल वाटावं? नवलच जास्त वाटत होतं. बहात्तरच्या दुष्काळात गुरं घेऊन पैनगंगेच्या कोरड्या पात्रात उतरलो तेव्हा तहान कानात वाजत होती. वाळूत खोदलेल्या झिऱ्यातलं गढूळ पाणी ओंजळीनं प्यालो, आणि दुसऱ्याच घोटाला सगळं अंग निवलं… दुसऱ्याच घोटाला? पाणी तर अजून पोटातसुद्धा पोचलं नसेल.

ते उठले. चांद्याची पाण्याची वेळ झाली होती, आणि स्वतःच्या नाही तरी बैलाच्या वेळा ते चुकत नसत. बादली ठेवून त्यांनी शीळ घातली, बारीक, लांब. शीळ ऐकत बैल सावकाश पितो. चांद्यानं तोंड बुडवलं. मानेखालून घोट उतरताना दिसत होते, एकामागून एक… आणि मग बादलीत पाणी शिल्लक असताना त्यानं तोंड वर केलं. बस. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट, पण आज उकंडराव बादलीशी उकिडवे बसून राहिले. तुले कसं कळलं बे, की पुरे झालं? रक्तात पाणी जायला अजून वेळ आहे. कोणी सांगितलं तुले?

याचंही उत्तर त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनीच दिलं होतं, पण वेगळ्या प्रश्नावर, आणि विचारल्यापासून तो प्रश्न महिनाभर त्यांनी मनात खाली दाबून ठेवला होता.

मनकर्णा. त्यांची बायको, अकरा वर्षांपूर्वी गेली. हृदय थकलेलं, पाय सुजून बोट टेकवलं तर खड्डा पडायचा. पाणी दिवसाला तीनच पेले, असं तेव्हाच्या डॉक्टरानं बजावलं होतं आणि उकंडरावांनी ते एखाद्या व्रतासारखं पाळलं. माठ उचलून मागच्या खोलीत नेला, तिच्या नजरेआड. “घोटभर द्या ना जी,” ती म्हणायची. दिवसातून किती वेळा, त्याला सुमार नाही. आणि दहा गावांची जनावरं ओळखणारा मी तिला म्हणायचो, “तुले तहान नाही लागली, मनकर्णे. पाणी तर अंगात मावून नाही राह्यलं. तुले नुसतं वाटते.” शेवटी शेवटी ती मागायचीच थांबली. मला वाटलं, बरं झालं, समजली.

सलाईनच्या तिसऱ्या दिवशी, ओळख परतल्यावर, त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, “सुजलेल्या माणसाले तहान काऊन लागते?”

“हृदय थकलं की मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं. त्यांना वाटतं, अंगात पाणीच नाही. ती हार्मोन्सची हाक देतात, आणि मेंदूला तहान लागते. हाक चुकीची असते बाबा, पण तहान खरी लागते.” मग त्यांच्या तोंडाकडे बघून हळू आवाजात, “पाणी तुम्ही मोजून दिलंत ते योग्यच केलं. फक्त मधूनमधून तोंड ओलं करायचं, ओल्या कापसानंसुद्धा. घसा आधीच वर मेंदूला कळवतो, पाणी आलं. थोडा वेळ तहान बसते.”

ओला कापूस. घरात वाती वळायला कापसाचा पेळू असायचा, हातभर अंतरावर. वाईट या गोष्टीचं वाटत होतं, आणि ते वाईट आज पहिल्यांदा सरळ छातीवर येऊन बसलं, की तिला पाणी दिलं नाही हे नव्हे… तिची तहान कशी आहे, कुठं आहे, हे एकदाही विचारलं नाही. बैलापाशी उकिडवा बसणारा माणूस तिच्या खाटेपाशी बसला नाही.

ते ओसरीवर आले. बाटली उचलली. तिरप्या रेघेचा निकाल लावायचं भान राहिलं नव्हतं. थोडंसंच पाणी तोंडात घेतलं, कापसातून पिळावं इतकं, आणि गिळलं नाही. जिभेखाली धरलं. टाळूला लावलं. पाणी कोमट होतं, किंचित मचूळ, बोअरचं. घशाच्या तोंडाशी ते थांबलं तेव्हा आत कुठं तरी काही हललं का, म्हणून ते कान देऊन बसले. मग सोडलं. मग आणखी तेवढंच. इथं लागत होती का तुले तहान, मनकर्णे? का इथं, खाली? बारा वाजून गेले. पाणी दुसरी रेघ ओलांडून तिसरीकडे निघालं. तहान काही आली नाही; पण तोंड रिकामं झालं की आपण पुढच्या घोटाची वाट पाहतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ही वाट पाहणारं माणूस आपणच आहोत की ती, हे काही त्यांना खात्रीनं म्हणता येईना.