बाबा, मशीन थांबवा जरा

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत त्या दुपारी माणसं अशी कोंबली होती, की सुई पडली असती तर जमिनीपर्यंत पोचलीच नसती. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या वीतभर लाल खोक्यावर. शिंप्याची एकुलती एक लेक याच खोक्याला मायक्रोफोन जोडून कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायची. तिला जाऊन चार महिने झाले होते. आणि तरी ती बोलत होती.

"कुणी तोंड उघडू नका," गेलेल्यांचे आवाज ऐकवणारे नादमहाराज म्हणाले. "आत्मा लाजरा असतो."

मायक्रोफोनसमोर चिटपाखरू नव्हतं, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची सरळ रेघ थरथरली, उसळली. महाराजांनी झालेलं रेकॉर्डिंग लावलं.

"बाबा, मशीन थांबवा जरा."

शेजारणीनं खोक्याला हात जोडले. महिन्यापूर्वी हेच शब्द आले, तेव्हा महाराजांनी अर्थ लावला होता, की संसाराचं चाक थांबवा. आणि शिंप्यानं शिलाई मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. आज अर्थ पुढे सरकला. "तिला हे घर सोडायचंय. खोका, कॉम्प्युटर, सगळं माझ्याकडे येऊ दे. सुटेल बिचारी."

"न्या," शिंपी म्हणाला. लेकीच्या वाटेत आडवा पडणारा बाप त्याला व्हायचं नव्हतं.

"काका, एक मिनिट."

दारात लेकीची मैत्रीण होती. ती रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला. हा खोका तिनंच जोडून दिलेला. तिनं मायक्रोफोनची वायर उपटून शिंप्याच्या हातात दिली आणि स्वतः रेकॉर्डचं बटण दाबलं. रेघ पुन्हा उसळली.

"आत्म्याला तारा लागत नाहीत," महाराज मिशीत हसले.

"मग खोका तरी कशाला लागतो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काका, खोक्याच्या सेटिंगमध्ये एक सोय असते, लूपबॅक म्हणतात. कॉम्प्युटर स्वतः जे वाजवतो, तेच परत रेकॉर्डिंगमध्ये येतं. यांनी तिचं जुनं रेकॉर्डिंग आत वाजत ठेवलंय आणि रेकॉर्ड होईपर्यंत स्पीकर बंद ठेवतात." तिनं पडद्यावर लूपबॅकपुढची खूण काढली. रेघ आडवी झोपली. खूण परत केली. रेघ उठली. मग तिनं स्पीकर चालू केला, आणि लेकीचा आवाज खोलीभर झाला.

"जुनं कशावरून?" महाराज गरजले. "ती गेल्यावरच उतरलाय हा आवाज."

"थांबा," शिंपी म्हणाला. "मोठा कर गं."

आवाजामागून येत होतं, टक-टक-खट, टक-टक-खट.

"हे माझं मशीन. पट्टा तुटला होता, मी गाठ मारून चालवत होतो. गाठ चाकावर आली की खट वाजायचं. नवा पट्टा तिनंच आणला, गेल्या वर्षी." त्यानं मान वर केली. "महाराज, वर माझं मशीन कोण चालवतंय?"

महाराज गेले. चपला तेवढ्या राहिल्या.

खोली रिकामी झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "काका, तिची सगळी गाणी यात आहेत. लावू?"

"हेच लाव."

टक-टक-खट. बाबा, मशीन थांबवा जरा. टक-टक-खट. बाबा.

"थांबवलं नव्हतं मी," शिंपी म्हणाला. "घाईचं काम होतं." वायर अजून त्याच्या मुठीतच होती. "पुढे गायली का ती?"

"गायली ना. तुमच्या मशीनसकट."

त्यानं डोळे पुसले, पुढे दुकानात जाऊन मशीनवरची चादर काढली.

मंडळी, गेलेलं माणूस परत बोलत नाही. ते बोललं होतं तेव्हा आपण घाईत होतो, एवढंच उरतं, आणि ते सोसणं फार जड जातं. म्हणूनच त्याच्या तोंडी नवे शब्द घालणारा कुणी आला, की आपण खुर्ची पुढे करतो. खुर्ची जरूर द्या. फक्त आधी वायर काढून बघा.