साडूचं पोट साफ

सुताराने आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला, पण एक दिवस कुणाच्या शौचाचा हेवा करशील, असं कुणी सांगितलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

दुखणं एकच, डॉक्टर एकच. आतड्याचा शेवटचा तुकडा आधी सुताराचा काढला, आठ दिवसांनी त्याच्या साडूचा. आता साडू सकाळी एकदा जातो, दहा मिनिटांत बाहेर, साडेनऊला कचेरीत हजर. आणि सुतार? दिवसाला आठ खेपा. थोडं व्हायचं, उठावं तर पुन्हा कळ, पुन्हा बसा. चार महिने त्याने कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. धाकट्या भावाने आधी गिऱ्हाइकं सांभाळली, मग हळूच याच्या टेबलावर स्वतःचा रंधा ठेवला. आणखी महिनाभर हेच चाललं तर आपल्याच कारखान्यात आपण पाहुणे, हे सुताराला कळून चुकलं होतं.

त्यात बायको रोज बहिणीला फोन करून ताजी बातमी आणायची.

"अहो, भाऊजी काल सहा तास गाडीत बसून आले."

"मग मी काय नाचू?"

दवाखान्यात सिस्टरने दोघांना एकत्रच समजावलं होतं. पायांखाली ठेंगणं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर, कोपरं गुडघ्यांवर, पुढे वाका, पोट सैल सोडा, कुंथू नका. साडूने वहीत लिहून घेतलं. सुतार मनात हसला. चाळीस वर्षं खुर्च्या केल्या, त्याला ही पोरगी बसायला शिकवणार! घरी येऊन त्याने कमोडवर लाकडी चौकट ठोकली. उंच, हातांची, पाठ ताठ राहील अशी. पाय जमिनीला जेमतेम टेकायचे. त्या सिंहासनावर बसून तो तास तास कुंथायचा आणि साडूच्या नावाने बोटं मोडायचा.

रविवारी बायकोने त्याला बहिणीकडे ओढूनच नेलं. चहा पुढ्यात आला आणि कळही आली. सुतार आत गेला, कडी लावली. कमोडसमोर प्लास्टिकचं ठेंगणं स्टूल होतं, पोरं अंघोळीला घेतात तसलं, एक पाय वाकडा. सुताराच्या अंगाचा तिळपापड झाला. या टिनपाटावर याचं चालतं!

पण कळ कुणाचं ऐकते? त्याने पाय स्टुलावर ठेवले, पुढे वाकला. सवयीने कुंथायला गेला आणि थांबला. पोट सोडून दिलं. आणि झालं. सगळं झालं. तो उठला, उभ्याउभ्या वाट पाहिली, पण कळ काही परत आली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा. सुताराने नळ सोडला आणि तो हमसून हमसून रडला.

बाहेर साडू उभा होता. सुताराचे डोळे पाहून त्याने आवाज खाली आणला.

"पूर्ण झालं ना? मीही असाच रडलो होतो, साडूभाऊ. पहिल्याच आठवड्यात."

पहिल्याच आठवड्यात. म्हणजे रडण्यातही लेकाचा पुढेच.

"तुमचं स्टूल डुगडुगतं," सुतार म्हणाला आणि सरळ बायकोपुढे जाऊन उभा राहिला. "उद्या सकाळी डबा भर. आणि धाकट्याला फोन लाव, म्हणावं, दादाचं टेबल मोकळं करून ठेव."