ओळख पटली तर

घरातच थाटलेल्या फोटोंच्या त्या दालनाला चाळीस वर्षं झाली, म्हणून बाईंनी अगदी पहिल्या दिवसापासूनचा संग्रह भिंतींवर मांडला होता. बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला नाद एकच: रद्दीवाल्यांकडून, जुन्या बाजारातून अनोळखी माणसांचे फोटो वेचून आणायचे. घरात धड बसायला जागा नव्हती, पण परक्यांच्या आज्या-मावश्या मात्र ऐसपैस नांदायच्या. दोघांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं नातेवाईक म्हणायचे. त्यांचंही फारसं चुकत नव्हतं.

नवऱ्याचा नियम मात्र पक्का होता. कुणी येऊन "हे आमचं माणूस" म्हणालं आणि ओळख पटली, की फोटो चौकटीसकट त्याच्या हवाली. असे तेवीस फोटो तो स्वतः दारापर्यंत पोचवून आला, आणि दर वेळी दोन दिवस तोंड पाडून बसला.

तो गेला आणि बाईंना उरल्या थोरल्या वहिनी. लग्नानंतर दोघांनी मिळून आणलेला हा पहिला फोटो: खुर्चीवर बसलेली, किंचित हसणारी एक तरुणी. मूलबाळ नसलेल्या त्या घरात नवरा रोज सकाळी तिला विचारायचा, "काय थोरल्या वहिनी, झोप झाली का?" आता बाई विचारत. दुसरं बोलायला होतं तरी कोण?

त्या दुपारी एक म्हातारी थोरल्या वहिनींसमोर थबकली, ती हलेचना.

"ही माझी आई," ती म्हणाली.

बाई चौकटीपाशी आल्या. "कशावरून?"

"करंगळी बघा की. माझीपण तशीच." तिने हात पुढे केला. फोटोतली आणि तिची, दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या, हुबेहूब. "मी सहा वर्षांची होते, तेव्हा गेली. मग घर मोडलं, सामान कुठल्या कुठे गेलं. एकही फोटो नाही हो तिचा."

शंकेला जागाच नव्हती. बाईंनी चौकट काढायला हात वर नेलासुद्धा. आणि त्या म्हणाल्या, "वाकड्या करंगळ्या पुष्कळांच्या असतात, ताई. तुमची गल्लत होतेय."

बोलल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. तरी त्या चौकटीसमोरून हलल्या नाहीत.

म्हातारीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "असेल बाई. तोंड तरी कुठे धड आठवतंय मला आता? तुम्ही रोज बघता, तुम्हालाच जास्त कळणार."

दाराशी जाऊन ती वळली. "हिची खरी माणसं सापडली ना, तर मला कळवाल? तेवढंच बरं वाटेल जिवाला."

"कळवते की," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचा पत्ता नीट लिहून घेतला.