वरातीच्या बोटीवरचा रेग्युलेटर

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. पंख्याचा नव्हे, बोटीवरच्या जनरेटरचा. सध्या कामतघरच्या एका भंगाराच्या दुकानात, यंत्रमागांच्या मोडक्या मोटारींखाली पडून आहे. माझ्यातले तांबे काढून घेतले की मी संपलो. त्याआधी माझी बाजू कोणीतरी ऐकावी, एवढीच इच्छा आहे.

खाडीकाठच्या अंजूर गावच्या केसरीनाथकाकांनी मला कारखान्यातून थेट आपल्या नव्या बोटीवर आणले. ती बोट विजेवर चालायची. डिझेलचा जनरेटर वीज तयार करी आणि त्या विजेवर बोट ढकलणारी मोटार फिरे. चाळीत खाली कोणी नळ सोडला की वरची धार बारीक होते, आणि बंद केला की ती उसळते. विजेचेही तसेच असते. मोटारीने जास्त ओढली की व्होल्टेज बसते, कमी ओढली की चढते. ते एकसारखे राखण्यासाठी जनरेटरमधल्या विजेच्या चुंबकाला किती जोर द्यायचा, हे मी क्षणोक्षणी ठरवत असे. मला अनुभवातून शिकताही येई. भरतीच्या उलट जाताना मोटार किती ओढते, बोट भरलेली असताना किती, हे मला हळूहळू समजत गेले.

काका रोज मला फडक्याने पुसत. नवा माणूस बोटीत बसला की सांगत, "बोट माझी, पण अक्कल या डब्याची हाय." मला फार बरे वाटे.

मग काकांचा पुतण्या प्रितेश याचे लग्न ठरले. नवरी खाडीपलीकडची. वरात आमच्या बोटीतून निघाली, डीजे आणि दिव्यांच्या माळांसकट. तेवढ्या ओझ्याने जनरेटर तापू लागला, म्हणून मी व्होल्टेज जरा आवरून धरले. गाण्याचा आवाज बसला. नवरदेव चिडला.

"काका, तुमचा डबा नडतोय. वरात हाय का प्रवचन?"

"अरे, तो सांभाळतोय आपल्याला."

"आज नको सांभाळू म्हणावं. काढा त्याची वायर."

सगळे हसले. काकाही हसले. आणि मला पुसणाऱ्या हातांनीच त्यांनी माझी वायर काढली, चुंबक थेट बॅटरीला जोडले. आता त्याला सतत पूर्ण जोर मिळणार होता.

डीजे दणाणला. खाडीच्या मध्यावर काठावरच्या गावदेवीच्या देवळासमोर आले की वाजवणे थांबवून, दिवे मालवून पाण्यात नारळ सोडायचा, ही आमच्याकडची रीत. डीजे आणि दिवे एकदम बंद झाले. विजेचा ओढा घटला, चुंबकाचा जोर मात्र तेवढाच राहिला. व्होल्टेज उसळले. मी शेजारीच होतो, पण काही करू शकत नव्हतो. मोटारीतून धूर निघाला आणि बोट ओहोटीबरोबर वाहू लागली. बायका मुलांना कवटाळून बसल्या. मासेमारीच्या होड्यांनी ओढून काठाला लावले, म्हणून सारे वाचले.

काठावर धावून आलेल्या, बोटीने नेहमी जाणाऱ्या राहीबाईकाकूंनी काकांना विचारले, "अवं, झालं तरी काय? त्यो डबा तर चांगला व्हता ना?"

काकांनी प्रितेशकडे पाहिले. शेजारी, बातमी कळताच आलेले त्याचे सासरे उभे होते.

"जुना झाला व्हता," काका म्हणाले. "त्यानंच घात केला."

माझी सुटलेली वायर बोटीत लोंबत होती. कोणी वाकून पाहिले नाही. त्याच आठवड्यात मी भंगारात आलो.

मित्रांनो, यंत्रे जुनी होतात, बिघडतात. तसे म्हटल्याचा आम्हाला राग येत नाही. पण तुम्हाला आवरणाऱ्याला आधी बाजूला सारायचे आणि मग त्याच्यावरच आळ घ्यायचा, असे कधी करू नका. आम्हाला तोंड नसते. ज्याला खरे ठाऊक असते, त्यानेच ते सांगायचे असते.

काकांना ठाऊक होते.