झाकणाचं भोक

वडील गेल्यापासून त्यांची मोटार थोडी चालली की बंद पडायची. मिस्तरीने कार्ब्युरेटर उघडला, नळी फुंकून पाहिली. कुठेच कचरा नव्हता. मी वैतागून त्याच्यावर खेकसलोही. शेवटी त्याने पेट्रोलच्या टाकीचं पितळी झाकण फिरवलं, तशी हवा सूं करत आत शिरली आणि इंजिन लगेच सुरू झालं.

"झाकणाच्या भोकातून हवा गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही," तो म्हणाला. "हे भोक बुजवलं कोणी?"

"हे गेल्यापासून मी रोज घासते ते झाकण," आई म्हणाली. "यांना लख्ख लागायचं."

भोकात पितळ घासायची पावडर गच्च बसली होती. मिस्तरीने टाचणी काढली, पण त्याचा हात पुढे होईना. आईने ती घेऊन भोक मोकळं केलं, सवयीने फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.