नळीत तापलेलं रक्त

राज्य नवं, राजधानी नवी, आणि नव्या राजधानीला प्रत्येक गोष्टीत पहिला नंबर हवा. नीलकंठ सरांनाही तो हवा होता. रायपूरच्या त्या नव्याकोऱ्या संस्थेत ते डेंग्यूवर काम करत. विषाणू अंगात शिरला की पेशी एकमेकींना धोक्याचे निरोप धाडतात. निरोप लिहिणारी जनुकं किती जोरात चालली आहेत हे रक्तावरून मोजायचं आणि कोणाला आयसीयू लागणार ते आधीच सांगायचं, असा त्यांचा बेत. मोजायचं काम त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी कौमुदी करायची.

तिनं शहरातल्या गुढियारी वस्तीकडून आलेले रक्ताचे नमुने वगळले आणि तंटा सुरू झाला. गाडी मिरवणुकीत अडकली होती, रक्त साध्या नळ्यांत दुपारभर तापलं होतं. काढलेलं रक्त लगेच मरत नाही. त्यातल्या पेशी नळीतही घाबरतात आणि निरोप लिहीत सुटतात. मग यंत्रानं मोजलं ते रोग्याचं की नळीचं? पण गंभीर रोगी नेमके त्याच गाडीतले. ते नमुने वगळले की सरांचा उंच गेलेला आलेख जमिनीवर यायचा.

"तू काहून अडून राहिली?" सर म्हणाले. प्रबंधावर सही आपलीच लागते, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं.

घरी आई, वनमालाबाई, तेच म्हणत होत्या. आधी पदवीचा कागद हातात घे, मग हरिश्चंद्र हो. कौमुदीला भीती वाटत नव्हती असं नाही. पण उद्या याच आलेखावरून खाटा वाटल्या जाणार, कोणाला मिळणार आणि कोणी घरी मरणार, हे आठवलं की भीतीच्या वर राग चढायचा.

तिनं सरांनाच सांगितलं, की धडधाकट माणसाचं रक्त तसंच तापवून बघते, तुमचंच द्या. सर हसले. ना शुगर ना बीपी, म्हणत त्यांनी बाही वर केली. "कर तुझी हौस." निम्मं रक्त तिनं तिथल्या तिथे पेशींचं निरोप लिहिणं थांबवणारं औषध घातलेल्या नळीत टाकलं, निम्मं साध्या नळीत खिडकीपाशी दुपारभर ठेवलं. काय निघालं ते सरांनी पुन्हा विचारलंच नाही. शहाण्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं.

निकाल दाखवायच्या बैठकीला इस्पितळांचे डॉक्टर आले होते. आलेख पडद्यावर लावायचं काम कौमुदीचंच. एकेक ठिपका म्हणजे एकेक रोगी, जितका वर तितका गंभीर; तिनं सरांच्याच आलेखावर एक ठिपका वाढवला. तो सगळ्यांच्या वर जाऊन बसला.

"ये सबसे ऊपर वाला कौन है?" त्या डॉक्टरांपैकी डॉ. सोनियांनी काळजीनं विचारलं. "बचा क्या?"

"बचे हैं, मैडम. ये बैठे हैं, चाय पी रहे हैं."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सरांनी कप खाली ठेवला. सही गेली, हे कौमुदीला त्या क्षणी लख्ख कळलं. तरी हिंदी सोडून ती सरांशी मराठीतच बोलली.

"सर, एक तर गुढियारीचे नमुने वगळा, नाही तर आज तुमच्यासाठी आयसीयूत खाट मागा. तुमच्याच आलेखाप्रमाणे बोलून राहिली मी."